वासोटा आणि कोयनेचं खोरं: १४ जणांचा दोन दिवसांचा बेत, जरा तपासून द्या

रविवारचा_मुसाफिर

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी वासोटा किल्ल्याला जायचं म्हणतोय. एकूण १४ जण. त्यात ९ आणि ११ वर्षांची दोन मुलं, आणि एक काका ६२ वर्षांचे. त्यांना चालायची सवय आहे, पण उतरताना गुडघा धरतो.

बेत असा: शनिवारी दुपारी पुण्याहून निघून सातारा, यवतेश्वर, कासमार्गे बामणोली. रात्री गडावर नाहीतर पायथ्याला तंबू टाकायचे. रविवारी होडीने जलाशय ओलांडून वासोटा, तिथून नागेश्वरची गुहा, आणि संध्याकाळच्या होडीने परत.

विचारायचं ते हे:
१. परवानगी आधी काढावी लागते की तिथे गेल्यावर मिळते?
२. वाटेत पाणी मिळतं का? प्रत्येकी किती घ्यावं?
३. नागेश्वर त्याच दिवशी जमेल का?
४. त्या दिवसांत जळवा असतात का? मुलांमुळे विचारतोय.

---

घाटवाट

सगळ्यात आधी तंबूचं. गडावर आणि पायथ्याच्या मेट इंदवलीला मुक्काम करता येत नाही. हे कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. सकाळी आत जायचं आणि उजेडात बाहेर यायचं. जुन्या ब्लॉगांवर गडावरच्या मुक्कामाची वर्णनं सापडतील, ती आता सोडून द्या. मुक्काम बामणोलीत, शेंबडीत किंवा तापोळ्याला करा. घरगुती सोय होते, काठावर तंबूही मिळतात. स्वतःचे तंबू असतील तर पाण्याला लागून टाकू नका. भरल्या धरणाची रेघ काठावर स्पष्ट दिसते, तिच्या वरच राहा. खालचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो आणि खुंट्याही धरत नाहीत.

परवानगी बामणोलीच्या वन कार्यालयात त्याच सकाळी मिळते. लागतं ते असं: सगळ्यांची नावं, वयं आणि गाव लिहिलेली यादी (दोन प्रती), प्रत्येकाच्या ओळखपत्राची छायाप्रत, मुलांसाठी आधार. यादी घरूनच लिहून न्या. रविवारी रांगेत उभं राहून १४ नावं लिहिण्यात अर्धा तास सहज जातो. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. नोव्हेंबरअखेर अडचण नसावी, तरी आदल्या आठवड्यात फोन करून विचारून घ्या, कारण मधूनच एखादा दिवस बंद ठेवतात.

आता होडी. भाडं माणशी नसतं, होडीचं असतं, आणि एका होडीत १० ते १२ जण बसतात. म्हणजे तुम्हाला दोन होड्या लागतील आणि खर्च दुप्पट. दोन जण कमी करता आले तर बघा. पैसे ठरवताना थांबण्याचे तासही ठरवून घ्या. होडीवाला तुमच्यासाठी दिवसभर तिथेच थांबलेला असतो, उशीर झाला की जादा पैसे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं. मुलांच्या मापाचं मिळेलच याचा भरवसा धरू नका, भाड्याने पुण्याहूनच आणा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली जातं.

आणि शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पोहायचं नाही. हे नैसर्गिक तळं नव्हे, बुडालेली दरी आहे. काठापासून चार पावलांवर एकदम खोल, खाली गाळ आणि जुन्या झाडांची खुंटं.

---

कारवीचं_रान

वेळेचं गणित उलटीकडून मांडा. परतीची होडी कधी सुटते ते आधी, बाकी सगळं त्यानंतर.

९ वाजता बामणोलीहून होडी सुटली असं धरू. साधारण दीड तास पाण्यात. १०:३० ला मेट इंदवली. तिथल्या वनखात्याच्या नाक्यावर सामान तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून लिहितात, अनामत घेतात. परतताना तेवढीच दाखवायची. त्यामुळे वेफर्सची वीस पाकिटं नेऊ नका, खाऊ स्टीलच्या डब्यात भरा. मोजायलाच काही उरत नाही आणि वेळ वाचतो. १०:५० ला चालायला सुरुवात. ओढ्याकाठी मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात, तिथपर्यंत वाट सोपी. पुढे दाट झाडीतला सरळ चढ, शेवटी कारवी आणि उघडा टप्पा. तुमच्यासारख्या मिश्र गटाला अडीच तास धरा, म्हणजे माथ्यावर १:२०. गडावर तासभर. २:३० ला उतरायला लागलात तर ४:१५ पर्यंत होडीपाशी आणि पावणेसहाच्या सुमारास बामणोली. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे हातात फार काही उरत नाही.

म्हणून एक वेळ आधीच ठरवा. १:३० पर्यंत माथा गाठला नाही, तर जिथे असाल तिथून मागे. हे होडीत बसायच्या आधी सगळ्यांना सांगा. चढावर दमलेल्या माणसांत यावर चर्चा सुरू झाली की आणखी वीस मिनिटं गेली.

यातच नागेश्वरचं उत्तर आलं. किल्ल्याच्या थोडं खाली वाट फुटते, एक वासोट्यावर, दुसरी धारेवरून नागेश्वरच्या गुहेकडे. तिथे जायलाच अडीच-तीन तास. एका दिवसात दोन्ही करणारे गट असतात, पण ते चार-पाच जणांचे आणि चालीचे पक्के. मुलं आणि गुडघा सोबत असताना नागेश्वर विसरा. गडावरच्या बाबुकड्यावरून समोर जुना वासोटा नावाचा डोंगर आणि खाली कोकण दिसतं, तेवढ्यात मन भरतं. कुणी "नागेश्वर करून पलीकडे चोरवण्याला उतरू" असं सुचवेल. ते गाव खेड तालुक्यात, घाटाखाली. तुमच्या गाड्या राहतील बामणोलीला.

पाणी: प्रत्येकी ३ लिटर, मुलांना २. पायथ्याच्या ओढ्याला नोव्हेंबरअखेर पाणी असतं. गडावर मारुतीच्या बिनछपराच्या देवळापासून डावीकडे गेलं की जोडटाकी आहेत. ते पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबूनच प्यायचं. मधल्या चढावर पाणी नाही. मीठ-साखरेच्या पुड्या (ओआरएस) आठ-दहा ठेवा, पायात गोळे येतात ते उतारावर.

---

पानगळ

जळवांबद्दल: ऑक्टोबरमध्ये भरपूर, नोव्हेंबरअखेर बहुतेक संपलेल्या. पाऊस लांबला तर ओढ्याजवळच्या ओल्या पाचोळ्यात राहतात. पँट मोज्यात खोचा, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. नंतर रक्त बराच वेळ येतं, कारण ती रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते. साबणाने धुवा आणि दाबून धरा. मुलं रक्त बघून घाबरतात, आधी सांगून ठेवा.

जळवा संपल्या की गोचिडांचे दिवस. राईएवढ्या असतात, कळतही नाहीत. मुक्कामाला परतल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आपणहून सांगा.

साप: चापडा फांदीवर, हाताच्या उंचीला बसतो, रंग पानासारखा हिरवा. चढताना आधारासाठी फांदी पकडण्याची सवय असते तिथेच धोका. काठी वापरा. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यावर त्याचा भरवसा नाही. कुणालाही साप चावला तर तो अवयव फळीने स्थिर करा, अंगठ्या-घड्याळ काढा, चालवू नका, कापणं-आवळणं नको. उचलून होडीपर्यंत आणि थेट साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात. गडावरून हे पाच-सहा तासांचं काम आहे, म्हणून काळजी आधीच घ्यायची.

बाबुकड्यासारख्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा, चारही बंद.

---

रविवारचा_मुसाफिर

खूप आभार. नागेश्वर आणि तंबू रद्द. दोन जण गळतायत, त्यामुळे १२ आणि एकच होडी. आता एकच प्रश्न: काकांनी ओढ्यापाशी थांबायचं ठरवलं तर? आणि वाटाड्या घ्यावा का, वाट मळलेली आहे म्हणतात.

---

घाटवाट

काकांना ओढ्यापाशी एकटं ठेवू नका. सोबत एक धडधाकट माणूस हवा, आणि नाक्यावर "दोघे खाली थांबतायत" हे सांगून जा. गव्यांचा वावर असतो. गवा दिसला तर जागीच थांबायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची, मोबाइल काढून पुढे सरकायचं नाही. सोपं म्हणजे काकांनी नाक्याजवळच बसावं. चढायचंच असेल तर दोन काठ्या आणि गुडघ्याचा पट्टा. उतरताना त्यांना सगळ्यात पुढे ठेवा. मागे ठेवलं की ते गटाला गाठायला घाई करतात, आणि वाळलेल्या पाचोळ्याखालचे गोटे तिथेच पाय फिरवतात.

वाट मळलेली आहे, खरं. तरी वाटाड्या घ्या. मुलं दमली, कुणाचा पाय मुरगळला आणि गट दोन तुकड्यांत मोडला, तर एका तुकडीबरोबर वाट माहीत असलेला माणूस असतो. बामणोलीत होडीवाल्यांनाच विचारा. आत फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, म्हणून होडीवाल्याला परतीची ठरलेली वेळ आणि पुण्यातल्या कुणाचा तरी नंबर कागदावर लिहून द्या.

परतीच्या होडीत समोरून वारा येतो आणि अंग घामेजलेलं असतं. मुलांसाठी एकेक कोरडा सदरा आणि वाऱ्याचं जाकीट होडीतच ठेवून जा, पाठीवर न्यायची गरज नाही.

---

कारवीचं_रान

एक राहिलं. हाच बेत पुढे ढकलून एप्रिलमध्ये नेऊ नका. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे वळवलेलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जलाशय खाली जातो. होडी अलीकडेच लागते आणि नाक्यापर्यंत उघड्या गाळातून उन्हात चालावं लागतं. तेव्हा वरच्या वेळापत्रकात येता-जाता मिळून तास-सव्वा तास वाढवा. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.