प्रतिसाद: जोकर राहू द्या, त्या दोन बोटी पाहा

वर एका भाऊंनी लिहिलं की 'द डार्क नाइट' (२००८) हा बॅटमनचा सिनेमा म्हणजे निव्वळ हीथ लेजर या नटानं रंगवलेला खलनायक जोकर, नैतिकता-बितिकता आपणच मागून चिकटवतो. लेजर भारीच, त्यात वाद नाही. पण बोटींचा प्रसंग जोकरवर नाही, लोकांवर उभा आहे. एका बोटीत कैदी, दुसरीत साधे नागरिक, अन् दोघांच्या हाती समोरची बोट उडवायचं बटण. कुणीच दाबलं नाही तर दोन्ही बोटी उडवीन, अशी जोकरची धमकी. नागरिक चिठ्ठ्या टाकून मतदान घेतात आणि बहुमत 'उडवा' म्हणतं! बटण दाबायला मात्र एकाचाही हात धजत नाही. तिकडे एक आडदांड कैदी ते बटण सरळ खिडकीबाहेर फेकून देतो.

आमच्या चंद्रपूरकडच्या गावांत दारूचं दुकान बंद करायला बायकांचं 'आडवी बाटली'चं (म्हणजे 'दुकान बंद' या खुणेचं) मतदान ठाऊक आहे. तिथं चिठ्ठी गुप्त असते म्हणून बाई नवऱ्याला न भिता मत देते. बोटीत त्याच गुप्त चिठ्ठीआडून सभ्य माणसं खून मंजूर करतात. हे बाप्पा, किती लोकांच्या लक्षात आलं असेल?

शेवट मात्र मला पटत नाही. शहराचा लाडका सरकारी वकील हार्वी डेंट यानं केलेले खून बॅटमन स्वतःच्या अंगावर घेतो. गावातल्या पोट्ट्यांना तो त्याग वाटतो, मला तो लोकांवरचा अविश्वास वाटतो. बोटीतल्या माणसांनी बटण न दाबून नुकताच स्वतःचा चांगुलपणा दाखवला असताना पोलीस अधिकारी गॉर्डन त्यांना खरं सांगायला का भितो? २०१२ च्या पुढच्या भागात बेन हा खलनायक गॉर्डननं लिहिलेली कबुली तुरुंगासमोर जाहीर वाचून नेमकं तेच खोटं उघडं पाडतो.