लिबरऑफिस रायटरवर मराठीत मार्गदर्शक पुस्तक : व्हर्जन, परवाना आणि मांडणी

मेघना :
नमस्कार. शाळांच्या कार्यालयांत आणि ग्रामपंचायतींत काम करणाऱ्या मंडळींसाठी लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्या विनामूल्य लेखन-सॉफ्टवेअरवर मराठीत मार्गदर्शक पुस्तक लिहिण्याचे मी ठरवले आहे. हे वाचक संगणकाशेजारी पुस्तक उघडे ठेवून शिकतात, त्यामुळे ते डेमी आकारात छापलेलेच असावे असा माझा आग्रह आहे. मात्र या सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते, आणि प्रत्येक व्हर्जनला दुरुस्त्या मिळतात त्या सुमारे नऊ महिनेच. म्हणजे मुद्रितशोधन होऊन पुस्तक हाती येईपर्यंत ते ज्या व्हर्जनवर लिहिले तेच मागे पडलेले असणार. शिवाय लिबरऑफिसमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेची इंग्रजी मार्गदर्शके विनामूल्य मिळतात. त्यांचाच अनुवाद करावा की स्वतंत्र लिहावे, आणि अनुवाद केल्यास तो विकता येतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शरद :
मेघनाताई, व्हर्जनची चिंता रास्त आहे, पण पुस्तकातला कोणता भाग शिळा होतो हे आधी पाहावे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरचे २.८ व्हर्जन जुलै २०१९ मध्ये आले तेव्हा पडद्याची मांडणी तर बदललीच, शिवाय वस्तू निवडण्याचे काम माउसच्या उजव्या बटणाकडून डाव्याकडे गेले, आणि आधीच्या पुस्तकांतील पायऱ्या जशाच्या तशा करून पाहणे अवघड झाले. रायटरमध्ये असा घाव बसलेला नाही. मेन्यूंची फेररचना झाली, टॅबवाली पट्टी आली, पण ती वापरायची की जुनी टूलबार ठेवायची हे वापरणाऱ्याच्या हाती असल्यामुळे एकाच व्हर्जनवर काम करणाऱ्या दोन वाचकांचे पडदेही वेगळे दिसू शकतात. म्हणून ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातील तिसरे चिन्ह’ अशी वाक्ये लिहूच नयेत. परिच्छेदाच्या स्टाइल (नाव देऊन साठवलेली मांडणी), पानाच्या स्टाइल, फील्ड (पृष्ठांक, तारीख असा आपोआप भरला जाणारा मजकूर), टेम्प्लेट (तयार नमुना) या गोष्टी लिबरऑफिसच्या आधीच्या ओपनऑफिसच्या काळापासून टिकून आहेत आणि स्टाइलची चौकट आजही एफ११ दाबूनच उघडते. पुस्तकाचा भार त्यांच्यावर टाकावा.

पानाच्या स्टाइलला तर मी स्वतंत्र प्रकरण देईन. वर्डवरून आलेला माणूस नेमका इथेच अडतो : अहवालाच्या मध्यावर एकच पान आडवे करायचे, किंवा मुखपृष्ठ व अनुक्रमणिका सोडून पुढे पृष्ठांक १ पासून सुरू करायचा, तर वर्डमध्ये सेक्शन (दस्तऐवजाचे वेगळे विभाग) करण्याची सवय असते आणि रायटरमध्ये पृष्ठविराम देतानाच पुढच्या पानाची स्टाइल आणि पृष्ठांक निवडावा लागतो. ही एक गोष्ट नीट समजली की निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

प्रकरणे मेन्यूंच्या क्रमाने लावू नयेत. ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळा सोडल्याचा दाखला, पालकांना मेल मर्जने (एकाच मसुद्यात यादीतील नावे आपोआप भरून) पाठवायची पत्रे, असा कामांचा क्रम धरावा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाच्या हाती त्याच दिवशी वापरता येईल असा कागद असावा.

आणि देवनागरीचा भाग मात्र इंग्रजी मार्गदर्शकांच्या भरवशावर सोडू नका. रायटर पाश्चात्त्य, आशियाई आणि संयुक्त मांडणीच्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) लिप्यांसाठी फॉन्ट व आकार वेगवेगळे लक्षात ठेवतो. आपली लिपी तिसऱ्या गटात येते. सेटिंगमध्ये तो गट सुरू करून मराठी भाषा निवडली नाही, तर स्टाइलमध्ये आकार बदलूनही मराठी मजकूर जागचा हलत नाही आणि शेजारचे इंग्रजी शब्द तेवढे मोठे होतात. भाषा हिंदी राहिली, तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे आहेत तेथेही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, शिवाय शुद्धलेखन तपासणीही हिंदीचीच लागते. स्वतंत्र मराठी पुस्तकाची गरज मला सर्वांत जास्त इथे वाटते.

शैलजा :
परवान्यापुरते लिहिते. डॉक्युमेंट फाउंडेशनची मार्गदर्शके दुहेरी परवान्याखाली आहेत : जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा परवाना) ३ किंवा नंतरचा, अथवा क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० किंवा नंतरचा. यांपैकी दुसरा निवडल्यास अनुवाद, फेरफार आणि विक्री या तिन्हींना मुभा आहे. मूळ लेखकांचा निर्देश, परवान्याचा उल्लेख आणि आपण बदल केल्याची नोंद एवढे करणे बंधनकारक आहे. सर्वच प्रकल्पांचे तसे नाही. गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली आहे आणि तिच्यातील मजकुरावरून केलेले लेखन त्याच परवान्याखाली द्यावे लागते, त्यामुळे दोन्हींकडचे उतारे एका प्रकरणात मिसळू नयेत. लिबरऑफिस हे नाव व्यापारचिन्ह आहे. पुस्तक अधिकृत आहे असा समज मुखपृष्ठावरून होता कामा नये.

अनुवाद की स्वतंत्र लेखन, याबाबत मी शरदरावांच्या बाजूची आहे. ती मार्गदर्शके सर्व सोयींची नोंद ठेवण्यासाठी लिहिलेली आहेत. लिपिकाला त्यांतील मोठा भाग कधीच लागणार नाही.

दत्ता (अक्षरजुळणी) :
पुस्तक रायटरमध्येच जुळवा. फाउंडेशनचे लेखकही आपली मार्गदर्शके त्यातच तयार करतात, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल ठेवून. स्क्रीनशॉट घालताना ‘लिंक’चा पर्याय निवडावा आणि सर्व चित्रे एका फोल्डरमध्ये ठेवावीत, नव्या आवृत्तीच्या वेळी त्याच नावाने नवी चित्रे ठेवली की ती पुस्तकात आपोआप येतात. मुद्रकाने जुन्या बिगर-युनिकोड (अक्षरांसाठी स्वतःचेच संकेत वापरणाऱ्या) फॉन्टमध्ये मजकूर मागितला तर नकार द्यावा, कारण त्या रूपांतरात जोडाक्षरे तुटतात आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी. रायटरची पीडीएफ आरजीबी रंगांत, म्हणजे छपाईच्या नव्हे तर पडद्याच्या रंगांत निघते, तेव्हा आतील स्क्रीनशॉट राखाडी करून घ्यावेत आणि रंगीत मुखपृष्ठ स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. त्यासाठी १.६ किंवा पुढचे व्हर्जन हवे, १.४ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत.

मेघना :
सर्वांचे मनापासून आभार. इतिवृत्ताच्या प्रकरणापासून स्वतंत्र लेखन सुरू करते. पायऱ्या वाचकाला खरोखर जमतात की नाही, हे छपाईआधी कसे पडताळावे?

शरद :
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ध्वनिमुद्रणापूर्वी संहिता नवशिक्याकडून करून पाहिली जाते, तीच पद्धत घ्यावी. ज्याने रायटर कधी उघडलेला नाही अशा एखाद्या लिपिकाला छापलेले प्रकरण द्यावे, शेजारी बसावे आणि काहीही सांगू नये. तो जिथे थांबेल, पान मागे उलटेल किंवा तुमच्याकडे पाहील, तिथे समासात खूण करावी आणि प्रत्येक खुणेपाशी एखादी पायरी राहून गेली आहे असे धरून चालावे. पुढच्या खेपेस मात्र माणूस दुसरा हवा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत असते.