क्लीटच्या बेल्टसाठी कोणता ब्रश घ्यावा?

प्रश्न: आमच्या कन्व्हेयरच्या रबरी बेल्टवर आडवे क्लीट (माल घसरू नये म्हणून असलेल्या उंच पट्ट्या) असल्याने स्क्रेपर (माल खरवडणारे पाते) लावता येत नाही. ओलसर भुकटी क्लीटच्या मुळाशी चिकटून परतीच्या बाजूला येते आणि खालच्या रोलरांवर तिचे थर चढतात. मोटरवर फिरणारा ब्रश बसवायचा आहे. केस नायलॉनचे घ्यावेत की पॉलिप्रॉपिलीनचे?

उत्तर १: माल ओलसर असेल तर पॉलिप्रॉपिलीन घ्यावे, कारण नायलॉन पाणी शोषून मऊ पडते, तर पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. कोरड्या, घासणाऱ्या मालाला मात्र नायलॉनच अधिक टिकते आणि वाकलेला केस पुन्हा सरळ होतो. तारेचा ब्रश रबरावर कृपया लावू नका.

उत्तर २: केसांइतकाच दाबही महत्त्वाचा आहे. साफसफाई केसाचे टोक करते. आम्ही सुरुवातीला ब्रश बेल्टवर घट्ट दाबला, तेव्हा सगळे केस एका बाजूला लोळले, टोके कोरीच राहिली आणि मोटर तापू लागली. टोके क्लीटच्या मुळाशी जेमतेम टेकतील एवढेच अंतर ठेवा, ब्रश बेल्टच्या उलट दिशेने फिरवा आणि केस झिजतील तसा तो पुढे सरकवता येईल अशी सोय आधीच करून घ्या.

उत्तर ३: माल फार चिकट असेल तर दाट केसांचा ब्रश स्वतःच भरून जातो, म्हणून विरळ ओळींचा घ्यावा. जागा डोक्याकडील पुलीच्या (माल जिथे बेल्टवरून पडतो त्या टोकाच्या चाकाच्या) लगेच पुढे, परतीच्या बाजूला निवडा, म्हणजे निघालेला माल त्याच चुटमध्ये (माल खाली नेणाऱ्या घसरणीत) पडेल.