बेलापूरचा बुरूज आणि पिंपळाची मुळं

वर कुणीतरी म्हटलंय की नवी मुंबईतल्या बेलापूर किल्ल्यावरची झाडं एका रविवारी उपटून टाकू आणि भेगा सिमेंटने भरून घेऊ, तर प्लीज असं करू नका. तळमळ कळते हो, पण पिंपळाचं मूळ दगडांच्या सांध्यात मनगटाएवढं जाड झालेलं असतं, ते ओढलं की आजूबाजूचे दोन-चार दगड सोबत निघतात, एका किल्ल्यावर हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय आणि फार वाईट वाटलं. रोप बोटभर आहे तोवरच काढायचं. सिमेंट तर नकोच, जुनं बांधकाम चुन्यातलं, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग खाडीच्या खाऱ्या हवेत दगडाचाच भुगा व्हायला लागतो. रीतसर परवानगी आणि जाणकार माणूस मिळेपर्यंत प्रत्येक भिंतीचे फोटो काढू, टेप लावून मापं घेऊ, गावातल्या आगरी-कोळी आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवू. ठाण्याचा किल्ला बघा ना, पोर्तुगीजांनी १७३० ला बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ ला इंग्रजांनी, आज तिथे जेल आहे, टेप घेऊन कोण आत सोडणार? बेलापूरला निदान बुरुजापाशी उभं तरी राहता येतं. मी नेरुळहून येईन, पन्नास मीटरची टेप आहे माझ्याकडे.