चाळा, खोड आणि ‘अंगाला सोसत नाही’

प्रश्न : माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) असून यंदा सोलापुरात पहिलीत जाणार आहे. तो डोळ्यांपुढे बोटे फडफडवतो, बसल्या जागी झुलतो. सदऱ्याच्या गळ्यामागची पट्टी कापल्याशिवाय सदरा घालत नाही आणि दिवाळीत उटणे लावू लागताच आकांत करतो. अहवालात यासाठी ‘स्व-उद्दीपन’ आणि ‘स्पर्श-अतिसंवेदनशीलता’ असे शब्द आहेत, तर घरात ‘खोड’ आणि ‘नखरे’ म्हणतात. वर्गशिक्षिकांना काय लिहून द्यावे?

उत्तर : ‘खोड’ कृपया लिहू नका. मराठीत खोड मोडायची असते आणि हे मोडून काढण्याजोगे नव्हे. अशा हालचालींतून स्वमग्न व्यक्ती ताण हलका करते, गोंगाटात स्वतःला सावरते, कित्येकदा आनंदही व्यक्त करते, आणि बळेच हात धरून ठेवले तर तिची अस्वस्थता वाढते. ‘हाताला चाळा लागतो’ असे लिहावे. पदराचे टोक पिळत बसणाऱ्या आजीबद्दलही आपण तेच म्हणतो, त्यामुळे मूल परके ठरत नाही. ‘अंगविक्षेप’ मात्र नको, त्यात वेडेवाकडेपणा डोकावतो.

त्वचेबाबत क्रियापद जपून निवडा. ‘तो उटणे सहन करत नाही’ या वाक्यात मूल कर्ता होते आणि हट्टाचा ठपका त्याच्यावर येतो. ‘त्याला उटणे सोसत नाही’ म्हटले, की सोलापूरचे ऊन एखाद्याला सोसत नाही तितकीच ती सरळ गोष्ट होते. ‘हुळहुळणे’ हा सुंदर शब्द आहे, पण तो भाजलेल्या वा सोललेल्या कातडीचा. इथे त्वचा बहुधा निरोगी असते, स्पर्शाची जाणीव मेंदूत निराळ्या तीव्रतेने उमटते. म्हणून पुरळ वगैरे नसताना ‘अ‍ॅलर्जी’ असेही लिहू नये. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांमधील हे वेगळेपण स्वमग्नतेच्या निकषांत घेतले आहे, तेव्हा ‘नखरे’ या शब्दाला काहीच आधार उरत नाही.

प्रश्न : ‘चाळे’ तर वाईट अर्थाने वापरतात. शिवाय पट्टी न सोसणारा हाच मुलगा जाड सोलापुरी चादर घट्ट लपेटून शांत बसतो, मग तो अतिसंवेदनशील कसा?

उत्तर : म्हणूनच एकवचन वापरा, ‘चाळे करतो’ ही निंदा आहे, ‘चाळा लागतो’ ही नाही. चादरीचे म्हणाल, तर हलका, अवचित स्पर्श छळतो आणि सर्वांगावरचा सारखा दाब निववतो, असा अनुभव अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात. काहींना उलट खरचटलेले, चटका बसलेलेही पटकन जाणवत नाही, आणि ही दोन्ही टोके एकाच व्यक्तीत असू शकतात. त्यामुळे सरसकट विशेषण टाळून काय सोसते आणि काय सोसत नाही हे नावानिशी लिहावे : पट्टी, उटणे, मागून पाठीवर पडलेला हात. भाच्याला लागलेले कळत नसेल, तर तेही शिक्षिकांना जरूर कळवा, कारण तो रडला नाही म्हणजे त्याला लागले नाही असे त्या समजतील.