मदत हवी आहे : मार्गदर्शक श्वानासह प्रवेश नाकारल्यास दाद कुठे मागावी?

माझी धाकटी बहीण दृष्टिहीन असून ती प्रशिक्षित लॅब्राडॉर श्वानाच्या साहाय्याने नागपुरात एकटी वावरते. गेल्या आठवड्यात धरमपेठेतील एका उपाहारगृहाने ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ या पाटीकडे बोट दाखवून तिला दारातच अडवले. श्वानाच्या पाठीवरचा पट्टा आणि ताठ दांडी समोर दिसत होती, तो तिच्या पायाशी शांत बसून होता, तरीही व्यवस्थापक त्याला बाहेर बांधून ठेवा असेच सांगत राहिले. ज्याच्या आधारावर ती चालते त्यालाच बाहेर बांधायला सांगणे मला फार अन्यायकारक वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मी वाचला आहे. त्यातील कलम ३ भेदभावास मनाई करते, वाजवी सोय (म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता यावे यासाठी करायचे आवश्यक व योग्य बदल) नाकारणे हाही कलम २ च्या व्याख्येनुसार भेदभावच ठरतो आणि कलम ८९ अन्वये पहिल्या उल्लंघनासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याखालील नियमांत अशा श्वानांच्या प्रवेशाबद्दल सविस्तर तरतुदी आहेत. आपल्याकडे मात्र ‘वाजवी सोय’ या व्यापक संज्ञेवरच भिस्त ठेवावी लागेल असे दिसते.

पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे थेट अर्ज करावा, की आधी उपाहारगृहाला लेखी नोटीस द्यावी? अर्जासोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र, श्वानाचे प्रशिक्षण आणि लसीकरण यांची कागदपत्रे जोडणे पुरेसे होईल का? असा अर्ज कुणी केला असल्यास, किंवा नागपुरात या विषयाचे जाणकार वकील माहीत असल्यास, कृपया कळवावे.