पात्राची पक्की समजूत पटकथेत कशी हलवावी?

प्रश्न: माझ्या पटकथेतील मालवणचा वृद्ध तांडेल (होडीचा प्रमुख) नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात लोटत नाही, तर ३१ जुलैला शासनाची मासेमारीबंदी संपताच मुलगा निघू पाहतो. बापाचे मन वळवणारे मुलाचे भाषण मला निर्जीव वाटते. काय करावे?

उत्तर १: भाषण काढून टाका. शेजाऱ्याची होडी पापलेटांनी भरून यावी आणि त्याच सकाळी बर्फवाला उधारी वसूल करायला बापाच्या दारी उभा राहावा.

उत्तर २: मी अंशतः असहमत आहे. केवळ पैशापुढे नमलेला तांडेल खोटा वाटेल (आमच्याकडचे म्हातारे उपाशी राहतील, पण नेम मोडणार नाहीत). ही श्रद्धा कशातून आली, उदाहरणार्थ श्रावणातल्या वादळात भाऊ गेला, हे आधी ठरवा. मग मुलाची होडी परतली नाही म्हणून बापालाच पौर्णिमेआधी समुद्रात उतरावे लागू द्या.